हुज्जत कोण घालतं?

मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर एक वाक्य वर्षानुवर्षं ठरलेलं आहे : ‘तपासणीसाठी थांबवले असता दुचाकीस्वाराने पोलिसांशी हुज्जत घातली.’ पुढच्या वाक्यात गुन्हा दाखल होतो आणि बातमी संपते. दुचाकीस्वार नेमकं काय म्हणाला, हे मात्र त्या बातमीत नसतं. त्याने परवाना दाखवायला नकार दिला, दंडाची पावती मागितली, की आई-बहिणीवरून शिव्या दिल्या? या तीन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण ‘हुज्जत’ हा शब्द एकदा लिहिला गेला की कुणालाही पुढचं काही विचारावंसं वाटत नाही.

तोंडाने भांडण्यासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. वाद, भांडण, तंटा, झगडा, कज्जा, बोलाचाली, बाचाबाची, हमरीतुमरी, वितंडवाद, वादंग अशी ही यादी बरीच लांबवता येईल. या कुळाचा आढावा घेताना मी हुज्जतीला मध्यभागी ठेवलं आहे, कारण तिचा प्रवास सर्वांत लांबचा आहे आणि आज तिचा वापर सर्वांत अन्यायाने होतो. आढाव्यासाठी उभं राहण्याची जागा म्हणून नळदुर्ग निवडलं आहे. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर, बोरी नदीच्या काठी वसलेलं तुळजापूर तालुक्यातलं हे गाव. इथे मराठी, दखनी आणि कन्नड या तिन्ही भाषा कानावर पडतात. इथल्या किल्ल्यावर बहमनी, आदिलशाही, मोगल आणि निजाम यांची सत्ता येऊन गेली, मधली काही वर्षं इंग्रजांचीही गेली. प्रत्येकाने आपली कचेरी आणली, आणि कचेरीबरोबर वाद घालण्याचे आपले शब्दही आणले.

मूळ अरबी शब्द ‘हुज्जा’. अर्थ : पुरावा, प्रमाण, समोरच्याला निरुत्तर करील असा आधार. इ. स. 1111 मध्ये वारलेले थोर विचारवंत अल-गझाली यांना ‘हुज्जत-उल-इस्लाम’ म्हणतात, म्हणजे इस्लामचा पुरावा. इराणमध्ये आजही धर्मगुरूंच्या एका श्रेणीला हीच पदवी आहे. उस्मानी तुर्कांच्या राज्यात काझीच्या कचेरीतून जो प्रमाणित दस्तऐवज मिळे, त्याला ‘हुज्जेत’ म्हणत. घर विकलं, कर्ज फिटलं, वारसा ठरला, की हुज्जेत घ्यायची आणि जपून ठेवायची. म्हणजे ज्याच्याकडे हुज्जत, त्याची बाजू पक्की.

उर्दूत या शब्दाचे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. ‘इत्माम-ए-हुज्जत’ म्हणजे बाजू पूर्णपणे मांडून झाली, आता ऐकणाऱ्याला सबब उरली नाही. आणि ‘हुज्जत करना’ म्हणजे उगाच तोंडाला तोंड देणं. मराठीत मात्र पहिला अर्थ रुजला नाही. आपल्याकडे हुज्जत म्हणजे फक्त कटकट. हुज्जत घालणारा तो हुज्जतखोर, आणि ‘खोर’ हा प्रत्यय आपण कुणाला लावतो हे चुगलखोर, लाचखोर, दंगेखोर या शब्दांवरून कळतंच.

हे शब्द मराठीत आले ते कचेरीच्या दारातून. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (1534 ते 1558) महसुलाच्या हिशेबांतून फारसी बाजूला करून देशी भाषेला, म्हणजे आपल्या भागात मराठीला, जागा दिली आणि मराठी कारकुनांची भरती झाली. नळदुर्गच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल 1613 मध्ये दुसऱ्या इब्राहिमच्या कारकिर्दीत झाला. त्या काळी या मुलखात जमिनीचा, वतनाचा, पाण्याचा कज्जा घेऊन जाणाऱ्या कुणब्याला दोन भाषांच्या मधल्या उंबऱ्यावर उभं राहावं लागे. लिहिणारा मराठीत लिही, पण दावा, तकरार, तहकीक, फिर्याद, मुद्दई हे शब्द वरून येत.

हुज्जतीची भावंडं पाहिली की एक गमतीची नव्हे, विचारात पाडणारी गोष्ट दिसते. अरबी ‘तकरार’ म्हणजे पुनरावृत्ती, तेच तेच पुन्हा म्हणणं. गुजरातीत तकरार म्हणजे सरळ भांडण. कन्नड महसुली व्यवहारात ‘तकरारु’ म्हणजे हरकत, आक्षेप. मराठीत ती ‘तक्रार’ झाली, आणि तक्रार करणारा तक्रारदार कागदोपत्री मानाचा, पण घरात सतत तक्रार करणारा माणूस कुणालाच नको असतो. ‘कज्जा’ हा मूळ ‘कझिया’, म्हणजे निर्णयासाठी आलेलं प्रकरण. मराठीत कज्जेदलाल म्हणजे भांडणं लावून पोट भरणारा. ‘दावा’ म्हणजे हक्क सांगणं. मराठीत मात्र दावा साधणे म्हणजे सूड उगवणे, आणि जुन्या मराठीत दावेदार म्हणजे शत्रू. आजकाल निवडणुकीच्या बातम्यांत जो ‘प्रबळ दावेदार’ येतो, तो हिंदीतून आलेला आहे. आजीच्या मराठीत तो वैरीच ठरला असता.

पुरावा, पुनरुच्चार, प्रकरण, हक्क असे हे चारही शब्द न्यायाच्या दालनातले. चौघेही मराठीत उतरताना कमीअधिक काळवंडले. असं का व्हावं? उर्दूत ही घसरण आधीच सुरू झालेली होती, तेव्हा सगळा दोष मराठीच्या माथी नाही. पण माझं मत असं की शब्दाचा अर्थ तो वापरणाऱ्याच्या अनुभवावर पोसला जातो. कचेरीत उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याच्या वाट्याला पुराव्याचं तेज क्वचितच आलं. त्याच्या वाट्याला आल्या त्या खेपा, खर्च, वैर आणि गावातली बोलणी. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण काही हौसेने तयार झालेली नाही. निजामाच्या राज्यात 1880च्या दशकापासून कचेऱ्यांची भाषा उर्दू होती. 13 सप्टेंबर 1948 रोजी सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेने नळदुर्ग घेतलं, तोवर इथल्या मराठी माणसाचा दावा उर्दूत लिहिला जाई आणि उर्दूत चाले. स्वतःचं म्हणणं स्वतःच्या तोंडाने मांडायची सोय ज्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या नव्हती, त्याच्या लेखी ‘पुरावा’ आणि ‘कटकट’ या शब्दांतलं अंतर पुसट होणं स्वाभाविक आहे.

आता देशी घराण्याकडे वळू. ‘वाद’ हा संस्कृत ‘वद्’ धातूतून आला, म्हणजे मुळात नुसतं बोलणं. संवाद, अनुवाद, अपवाद, प्रवाद, आशीर्वाद, धन्यवाद ही सगळी त्याचीच भावंडं, आणि त्यांतली बहुतेक गोड स्वभावाची. न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार स्पष्ट वेगळे केले. सत्य शोधण्यासाठी प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे होतो तो वाद. जिंकण्यासाठी, शब्दच्छल करूनही चालतो तो जल्प. आणि स्वतःची बाजू काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडत राहणं म्हणजे वितंडा. या तिघांतला पहिला सर्वांत प्रतिष्ठेचा होता. मराठीने ‘वाद’ आणि ‘वितंडवाद’ ठेवले. ‘जल्प’ हरवला, आणि त्याचं कामही बिचाऱ्या वादाच्याच अंगावर पडलं. आज दूरचित्रवाणीवर रोज रात्री जे चालतं त्यासाठी नेमका शब्द हवा असेल तर तो दोन हजार वर्षांपूर्वी तयार होता.

नळदुर्गहून हैदराबादच्या रस्त्याने उमरगा मागे टाकून कर्नाटकात शिरलं की बसवकल्याण येतं. चालुक्यांची ही राजधानी. सहावा विक्रमादित्य इथे राज्य करत असताना विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. हिंदू वारसाहक्काचे खटले तिच्या आधारे पुढे विसाव्या शतकापर्यंत चालले. तिच्या व्यवहाराध्यायात वादाला चार पाय सांगितले आहेत : वादीने बाजू मांडायची, ही भाषा; प्रतिवादीने तिला द्यायचं ते उत्तर; मग पुरावा, ही क्रिया; आणि शेवटी निर्णय, ही साध्यसिद्धी. वादीच्या निवेदनाला ‘भाषा’ हे नाव आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आधी भाषा द्यायची, म्हणजे त्याचं म्हणणं संपूर्ण ऐकून लिहून घ्यायचं, आणि तोवर त्याला नाव ठेवायचं नाही. आपल्या घरापासून इतक्या जवळ ही शिस्त लिहिली गेली.

मराठा काळातल्या निवाड्यांची कागदपत्रंही याच चालीची आहेत. वि. त्र्यं. गुणे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मराठ्यांची न्यायव्यवस्था तपशिलात उलगडली आहे. गोतसभेपुढे, म्हणजे गावातल्या वतनदारांच्या सभेपुढे, अग्रवादी (वादी) आणि पश्चिमवादी (प्रतिवादी) उभे राहत. दोघेही आधी राजीनामा लिहून देत, म्हणजे सभा जो निर्णय देईल तो मान्य करू असा राजीखुशीचा कागद. आज राजीनामा म्हणजे पद सोडणं. तेव्हा तो वादात उतरण्याचा परवाना होता. मग दोघांच्या तकरीरी, म्हणजे लेखी निवेदनं, घेतली जात, साक्षी होत, गोताच्या निशाण्यांनिशी महजर, म्हणजे निर्णयाचा लेख, होई. जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे आणि हरणाऱ्याला येजितखत लिहून द्यावं लागे : आपला वाद खोटा ठरला, पुन्हा उकरून काढणार नाही. या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, दिव्यासारख्या क्रूर रीती होत्या, आणि बायकांचा आवाज फारसा नव्हता. तिचं गुणगान मला करायचं नाही. पण वाद सुरू कसा होतो आणि संपतो कधी, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. हुज्जतीला ना सुरुवात असते ना शेवट. म्हणूनच मराठीत वाद मिटतो, भांडण सुटतं, तंटा तुटतो, पण ‘हुज्जत मिटली’ असं कुणी म्हणत नाही.

शब्दाचा खरा स्वभाव कोशापेक्षा त्याच्या वागण्यात दिसतो. ‘मी त्याच्याशी वाद घातला’ असं माणूस सरळ सांगतो. ‘चांगली भांडले मी’ असं बाई थोड्या अभिमानानेही सांगते. पण ‘मी हुज्जत घातली’ असं स्वतःबद्दल क्वचितच कुणी बोलतं. हुज्जत नेहमी दुसरा घालतो. तो दुसराही कोणी का असेना असं नाही. प्रवासी वाहकाशी हुज्जत घालतो, रुग्णाचा नातेवाईक डॉक्टरशी, विद्यार्थी परीक्षकाशी, शेतकरी तलाठ्याशी, नागरिक पोलिसाशी. उलट दिशेने हा शब्द जात नाही. ‘तलाठ्याने शेतकऱ्याशी हुज्जत घातली’ हे वाक्य व्याकरणात बसतं, बातमीत बसत नाही. वरून खाली बोललं गेलं तर त्याला समज देणे, सुनावणे, फैलावर घेणे, कानउघाडणी, फार झालं तर दमदाटी म्हणतात. दोन बरोबरीचे भिडले तर बाचाबाची. खालून वर गेलं की हुज्जत. हा शब्द भांडणाचं वर्णन करतच नाही. तो बोलणाऱ्याची पायरी सांगतो.

वकील न्यायालयात काळा कोट घालून जे करतो, त्याला मराठीत ‘युक्तिवाद’ असा भारदस्त शब्द आहे. काय घडलं ते सांगणं, नियम दाखवणं, समोरच्याच्या बोलण्यातली विसंगती उघडी करणं. टपाल कचेरीच्या खिडकीवर उभा असलेला माणूसही हीच तीन कामं करत असतो. त्याच्या अंगावर कोट नसतो आणि मागे रांग खोळंबलेली असते, एवढाच फरक.

नळदुर्गच्या बसस्थानकावर पाहिलेला एक प्रसंग सांगतो. तुळजापूरकडे जाणारी गाडी भरली होती. वाहक तिकिटं फाडत मधल्या बाकापर्यंत आला. खिडकीशी धोतर-टोपीतले एक आजोबा बसले होते. महाराष्ट्रात 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे.

“आबा, आधार कार्ड दाखवा.”

“आरं, रोजचा मानूस हाय मी. वळखीत न्हाईस व्हय?”

“वळखतो की. पण कार्ड बघावं लागतंय. नियम हाय.”

“मग कुठं लिवलाय त्यो नियम? दाव की मला.”

“आबा, हुज्जत घालू नका. गाडीला उशीर व्हतोय.”

आजोबा गप्प झाले. चेहऱ्यावर राग नव्हता, पण काहीतरी विझल्यासारखं झालं. शेजारची बाई म्हणाली, “आबा, पिशवीत बघा की, वरच्या कप्प्यात आसंल.” प्लॅस्टिकच्या पिशवीत, औषधाच्या चिठ्ठ्यांमध्ये गुंडाळलेलं कार्ड निघालं. वाहकाने ते हातात घेऊन पाहिलं, शून्य रकमेचं तिकीट दिलं आणि पुढे गेला. बोलण्यात तो उर्मट नव्हता, आणि गाडीला खरंच उशीर झाला होता. आजोबांनी विचारलं होतं ते एवढंच, की नियम कुठे लिहिला आहे. अरबीत हुज्जत मागणं म्हणतात ते हेच. ज्याने पुरावा मागितला त्यालाच हुज्जतीचा शिक्का बसला, आणि शिक्का मारणारा स्वतः त्याच्याकडे पुरावाच मागत होता. शब्दाची सगळी घसरण त्या दोन बाकांच्या मधल्या जागेत उभी होती.

दुसरी बाजूही लिहायला हवी. उन्हात चौकात उभ्या असलेल्या हवालदाराला दिवसभर काय काय ऐकावं लागतं, हे ज्यांनी पाहिलं आहे ते हुज्जत हा शब्द सहजासहजी टाकून देणार नाहीत. ‘मला ओळखत नाहीस का’, ‘साहेबांना फोन लावू का’, ‘बाकीच्यांना का सोडलं’ या वाक्यांत विचारण्यासारखं काही नसतं. वेळ काढायचा, समोरच्याला थकवायचं, जमलं तर घाबरवायचं, एवढाच हेतू असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिका, वीज मंडळाचे लाइनमन आणि शाळेचे शिक्षक यांचाही हाच अनुभव. ज्याला स्वतःची बाजू नाही आणि फक्त दुसऱ्याला अडवायचं आहे, त्याची ही वितंडा. तिला हुज्जत म्हणावं, अवश्य म्हणावं. माझी तक्रार आहे ती प्रश्न आणि वितंडा या दोघांना एकाच पोत्यात घालण्याबद्दल.

कारण या पोत्याचे परिणाम कायद्यापर्यंत पोचतात. ‘पोलिसांशी हुज्जत घालून शासकीय कामात अडथळा’ ही शब्दांची जोडी इतकी रुळली आहे की हुज्जत हाच एक गुन्हा असावा असं वाचकाला वाटतं. भारतीय दंड संहितेचं कलम 353, आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 132, लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर झाला असेल तर लागू होतं. कर्तव्यात हेतुपुरस्सर अडथळा आणण्याचं कलम वेगळं आहे. नव्या संहितेत ते 221. नुसतं विचारणं, आवाज चढवून का होईना, या दोन्हींत आपोआप बसत नाही. बातमी लिहिणारा जेव्हा फिर्यादीतला शब्द जसाच्या तसा उचलतो, तेव्हा तो एका बाजूचं म्हणणं निर्णय म्हणून छापतो.

उलट कायदा विचारण्याच्या बाजूने उभा आहे. 2005च्या माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम 6 नुसार माहिती मागणाऱ्याने ती का हवी याचं कारण द्यावं लागत नाही. त्याच अधिनियमाच्या कलम 4 मध्ये आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं : प्रशासकीय निर्णयाची झळ ज्याला बसते, त्याला त्या निर्णयाची कारणं देणं हे कार्यालयाचं कर्तव्य आहे. 2015 मध्ये महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम आला, आणि दाखले, उतारे ठरलेल्या मुदतीत मिळणं हा हक्क झाला. थोडक्यात, तोंडाने विचारलं तर हुज्जत आणि अर्जाने विचारलं तर हक्क. ज्याला लिहिता येतं, पावती जपून ठेवता येते, अपिलाची तारीख लक्षात राहते, त्याचा प्रश्न हक्काच्या रकान्यात जातो. ज्याचं सगळं बळ बोलण्यातच आहे, त्याचा प्रश्न हुज्जतीच्या.

तंट्याचं काय झालं, तेही पाहायला हवं. 15 ऑगस्ट 2007 रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेतून समित्या नेमल्या गेल्या, दिवाणी, महसुली आणि फौजदारी तंटे सामोपचाराने मिटवायचे ठरले, गुण मिळवणाऱ्या गावांना लोकसंख्येनुसार बक्षिसं मिळाली. बांधाचे, वाटेचे, भाऊबंदकीचे कितीतरी जुने तंटे यामुळे खरोखर तुटले आणि माणसांची तालुक्याची खेप वाचली. याचं श्रेय या मोहिमेला दिलंच पाहिजे. तरीही ‘तंटामुक्त’ या शब्दाबद्दल माझ्या मनात एक धास्ती राहिली आहे. गावात तंटा नसणं आणि गावात तंटा बोलला न जाणं यांत फरक आहे. कमानीवर पाटी लागायची असेल तर सर्वांत सोपं काम म्हणजे दुबळ्याला गप्प बसवणं. मोहिमेची परीक्षा मिटलेल्या प्रकरणांच्या संख्येने होत नाही. हरलेल्या बाजूला आपलं म्हणणं पुरतं ऐकलं गेलं असं वाटलं की नाही, यावर होते.

वाद चांगल्या रीतीने सांभाळला जाणं म्हणजे काय, याचं उदाहरण नळदुर्गच्याच वेशीत आहे. नळदुर्गजवळचं मैलारपूर आणि शेजारचं अणदूर या दोन ठिकाणी खंडोबाची दोन देवळं आहेत. मूर्ती मात्र एकच. देव सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने मैलारपूरला राहतो. पौष पौर्णिमेची यात्रा मैलारपूरला भरते. देव एका गावातून दुसऱ्या गावी जाताना दोन्हीकडचे मानकरी बसतात, आणि ने-आण करण्याचा लेखी करार होतो. श्रद्धा एकच, गावं जवळची, भावकी मिसळलेली, तरी करार लिहायचा. देव कुणाचा, यापेक्षा मोठा वाद गावगाड्यात दुसरा नाही. तो टाळून संपत नाही हे या दोन गावांना कळलं आहे, म्हणून दरवर्षी तो समोर घेऊन बसायचं, बोलायचं, कागदावर आणायचं आणि मग वाजतगाजत देव न्यायचा. हुज्जतीचा मूळचा अर्थ, प्रमाणपत्राचा, त्या कराराच्या कागदात अजून जिवंत आहे. तिथे कुणी तो शब्द उच्चारत नाही एवढंच.

महाराष्ट्र–कर्नाटक सीमावादाबद्दल लांबण लावत नाही; या भागात राहणाऱ्याला तो नवा नाही. 1966 मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्या वर्षी अहवाल दिला, महाराष्ट्राने तो नाकारला, आणि 2004 मध्ये राज्याने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दोन राज्यांचं हे भांडण अनेक दशकं चाललं आहे, पण त्याला कुणी हुज्जत म्हटलं नाही, कारण दोन्ही बाजू बरोबरीच्या आहेत.

मराठीने वादाला कला म्हणूनही सांभाळलं, हे विसरता कामा नये. कलगी-तुऱ्याच्या फडांत एक बाजू शक्तीला थोर मानते, दुसरी शिवाला. डफावर थाप पडते, एक शाहीर कोडं टाकतो, दुसऱ्याने त्याच चालीत उत्तर द्यायचं. रात्रभर सवाल-जवाब चालतात आणि हजारो माणसं जमिनीवर मांडी घालून ऐकतात. त्यांतली कितीतरी माणसं कधी शाळेत गेलेली नसत, पण उत्तर चुकलं की त्यांना कळे. प्रश्न विचारणाऱ्याचा तिथे अपमान होत नसे. उलट अवघड सवाल टाकणाऱ्याला दाद मिळे. असा समाज वाद घालायला घाबरणारा नव्हता.

घाबरणं शिकवलं जातं ते घरात आणि शाळेत. मुलाने ‘का’ विचारलं तर तो चौकस, मुलीने विचारलं तर ती हुज्जत घालते. सुनेने कारण विचारलं की ते उलट उत्तर. ‘तोंड वर करून बोलते’ हा मराठीत अजूनही दोषच आहे, जणू मान खाली घालून बोलणं ही माणसाची मूळ ठेवण असावी. वर्गात चुकलेलं गणित दाखवून देणाऱ्या विद्यार्थ्याला ‘जास्त शहाणपणा करू नकोस’ ऐकावं लागतं. पुढे तोच मुलगा वादविवाद स्पर्धेत ठरवून दिलेल्या बाजूने पाठ केलेलं भाषण करून ढाल आणतो आणि त्याचं कौतुक होतं. स्वतःचा प्रश्न विचारायला बंदी आणि दुसऱ्याने दिलेला विषय ठणकावून मांडायला बक्षीस, ही आपल्या शिक्षणातली मोठी खोट आहे असं मला मनापासून वाटतं.

हुज्जत हा शब्द मराठीतून काढून टाका, अशी माझी मागणी नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश केला, विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. त्यांतून पुष्कळ चांगले शब्द मिळाले. हुज्जत मात्र राहिली, कारण नुसतं अडवण्यासाठी बोलणाऱ्या माणसाला द्यायला इतका नेमका शब्द दुसरा नाही. माधव जूलियनांनी 1925च्या आपल्या फार्शी-मराठी कोशात असे शेकडो शब्द मराठीचीच मालमत्ता म्हणून नोंदवले, आणि ती मालमत्ता आहेच. प्रश्न ती कुणाच्या विरुद्ध खर्च करायची एवढाच आहे.

म्हणून विनंती आहे ती जिल्ह्याच्या पानावर लिहिणाऱ्या वार्ताहर मित्रांना. ‘हुज्जत घातली’ असं लिहिण्याआधी तो माणूस काय म्हणाला ते विचारा, आणि एका ओळीत तेही छापा. शिवी दिली असेल तर शिवी दिली असं लिहा, धक्का दिला असेल तर धक्का दिला असं लिहा, पावती मागितली असेल तर पावती मागितली असं लिहा. आणि खिडकीच्या आत बसणाऱ्यांना, वर्गात शिकवणाऱ्यांना, घरात मोठेपण सांभाळणाऱ्यांना एवढंच सांगणं : समोरचा माणूस नियम कुठे लिहिला आहे असं विचारत असेल, तर त्याला तो काढून दाखवा.